बुटांवरची फुलं

त्या माणसाने काचेच्या पेटीतल्या बुटांकडे पाहिलं आणि तो हसला. शहीद कैलासच्या बुटांसमोर उभं राहून कोणी हसल्याचं कारंजाच्या स्मारकात आजवर घडलं नव्हतं. गोपिकेच्या हातात लांब छडी होती. ती मारायची नव्हती, सहलीच्या पोरांना वस्तू दाखवायची होती. पण त्या क्षणी तिला मोह झाला खरा.

"हसाले काय झालं?" तिने विचारलं.

"काई नाई..." तो गडबडला. "डाव्या बुटाच्या टोकाले आतून जळल्याचं भोक हाये. पाहून घेजा."

एवढं बोलून तो डावा पाय जरासा ओढत बाहेर पडला. अमरावतीच्या शाळेची सहल घेऊन आलेल्या बसचा तो ड्रायव्हर होता. बाहेर डिसेंबरातली अवेळी भुरभुर चालू होती, संत्र्याच्या बागांना नको असलेली आणि पोरांना हवी असलेली. खिडकीतून गोपिकेला दिसलं, तो बसच्या काचेवरून फडकं फिरवताना थांबला आणि मान वर करून स्मारकाची पाटी वाचू लागला. वाचून झाल्यावर त्याने ती पुन्हा वाचली.

हे २००१ साल. गोपिका कैलासची धाकटी बहीण, तेव्हा बाविशीची. दोन वर्षांपूर्वी लढाई चालू असताना कैलास तिकडे बर्फाच्या डोंगरात गेला. सैन्यातून आलेल्या पत्रात एकच ओळ होती: कर्तव्य बजावताना वीरमरण. त्या एका ओळीने गावाचं समाधान होईना. मग धान्याचे व्यापारी मधुकरराव पुढे झाले. त्यांनी हायवेला लागून असलेलं आपलं गोदाम स्मारकाला दिलं आणि पत्रात जे नव्हतं ते सगळं स्वतः बसून लिहून काढलं. माणूस मनाने चांगला; लिहिताना म्हणे त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. कैलास एकटा शिखरावर चढला, त्याने तीन शत्रू लोळवले, तिरंगा रोवला आणि मग तो पडला, असं ते लिखाण होतं. गोपिकेने ते दोन दिवसांत पाठ केलं.

दालनात मधोमध प्लॅस्टरचा डोंगर होता. त्यावरचा बर्फ म्हणजे गावच्याच शेतातला कापूस, आणि पोरं तो चिमटीने उपटून नेत. शिखरावर लाल दिवा उघडमीट करायचा. भिंतीवर कैलासचं मोठं चित्र होतं. ट्रकच्या मागे चित्रं काढणाऱ्या पेंटरने ते काढलं आणि हौसेने भरघोस मिशी देऊन टाकली. खऱ्या कैलासला मिसरूडही धड फुटलं नव्हतं. काचेच्या पेटीत त्याच्या पेटाऱ्यातून आलेली टोपी, पट्टा, मग आणि ते बूट. रोज सकाळी गोपिका प्रत्येक वस्तूवर झेंडूचं एकेक फूल ठेवायची.

आणि शत्रूंचं म्हणाल, तर ते वाढत होते. एकदा पाचवीतल्या एका पोराने "फक्त तीनच?" म्हणून तोंड वाकडं केलं आणि गोपिकेच्या तोंडून "सात" निघून गेलं. पोरांचे डोळे असे लकाकले की पुन्हा तीनवर येणं तिला जमलंच नाही. दाराजवळच्या बाकावर तिची आई, देवकाबाई, डोक्यावर पदर घेऊन बसलेली असे. सकाळी बाजारात वांगी-मेथी विकायची आणि दुपारी इथे येऊन आपल्या पोराची गोष्ट ऐकायची, हा तिचा नेम होता. जाताना पोरं तिच्या पाया पडत. कैलास गेल्यावर महिनोन्‌महिने तिने धड अन्न घेतलं नव्हतं. स्मारक उघडलं आणि ती पुन्हा जेवू लागली. गोपिकेला एवढं पुरेसं होतं. सात काय, सत्तर सांगायचीही तिची तयारी होती.

त्या संध्याकाळी पोरं गेल्यावर तिने पेटी उघडली आणि डाव्या बुटात हात घातला. टोकाशी तिचं बोट भोकातून आरपार गेलं.

आठ दिवसांनी तीच बस आली, दुसऱ्या शाळेची सहल घेऊन. पोरं डोंगराभोवती गर्दी करून उभी असताना तिने त्याला दाराशी गाठलं आणि तो कोण, कुठला, सगळं एका दमात विचारलं. नाव धीरज, नालवाडीचा. कैलासच्याच तुकडीत ड्रायव्हर होता, तंबूत दोघांच्या खाटा शेजारी. बर्फाने पाय सडला, दोन बोटं कापावी लागली, म्हणून तो दवाखान्यात पडून होता. तेवढ्यात कोणीतरी कैलासचा पेटारा भरला आणि शेजारच्या खाटेखालचे बूटही त्यात टाकले. भोक पडलं होतं ते स्टोव्हवर बूट वाळवताना.

"म्हणजे हे बूट..."

"माये हायेत." तो कसंनुसं हसला. "मी इथं येणारच नोयतो. मास्तरनं बस थांबवाले लावली. आत पाहतो तर पन्नास पोरं माया बुटाच्या पाया पडून राह्यले."

गोपिकेला हसू फुटलं. दोन वर्षांत तिला असं हसू आलं नव्हतं. तोंडावर ओढणी धरूनही ते आवरेना. मग भानावर येऊन तिने विचारलं, बूट परत हवेत का?

"राहू द्या," तो म्हणाला. "माया पायाले इतका मान दुसरं कोण देते?"

त्या हिवाळ्यात सहली पुष्कळ आल्या आणि धीरजची बस कारंजाला थांबल्याशिवाय पुढे गेली नाही. येताना तो वर्ध्याची गोरसपाक बिस्किटं आणायचा. पुडा बाकावर ठेवून 'पोरांसाठी' म्हणायचा आणि पोरांना कधी द्यायचा नाही. गोपिका हायवेवरचे हॉर्न ओळखू लागली. शेकडो ट्रक जायचे, पण त्याच्या बसचा हॉर्न दोनदा आखूड आणि एकदा लांब वाजायचा... आणि मग तिला छडी कुठे ठेवली ते आठवायचं नाही. तो मागच्या भिंतीला टेकून गोष्ट ऐकत राही. त्याची नजर डोंगराकडे नसायची, हे तिला पाठमोरी असतानाही कळायचं.

"मागच्या खेपेले सात होते," एकदा तो हळूच म्हणाला, "आज नऊ झाले. मी सोमवारी येतो, तवलक कोणाले मारू नका."

ती ओठ चावत राहिली. चिडली म्हणावं तर गालावर खळी पडलेली.

पण खरी गोष्ट वेगळीच होती. धीरज तिला तिचा भाऊ परत आणून देत होता. गेलं वर्षभर डोळे मिटले की तिला तो मिशीवाला कैलासच दिसायचा; खरा चेहरा कुठे गेला ते कळत नव्हतं, आणि हे ती कोणाला सांगूही शकत नव्हती. धीरज सांगायचा तो कैलास पातळ आवाजात बेसूर गायचा, चहात पोळी बुडवून खायचा. सैन्यात जायच्या आधी तो याच हायवेवर ट्रक चालवायचा, म्हणून त्याने तिथल्या घाटातल्या वळणांना इथल्या थांब्यांची नावं दिली होती. सगळ्यात वरचं वळण मोझरी, मग तिवसा, मग तळेगाव, आणि छावणीच्या अलीकडचं शेवटचं वळण कारंजा. बर्फात गाडी घसरायची आणि हा कंडक्टरसारखा ओरडायचा, "चला तळेगाव, तळेगाववाले उतरा." ऐकता ऐकता गोपिकेला तो आवाज जसाच्या तसा आठवला आणि ती तोंड फिरवून रडली. भाऊ परत मिळत होता आणि तो आणून देणारा माणूस आवडत होता. यातलं जास्त कोणतं, ते तिचं तिलाच सांगता येईना.

जानेवारीच्या पहिल्या सोमवारी तो आला तेव्हा पेटीसमोर जरा जास्तच वेळ उभा राहिला. टोपीवर झेंडूचं फूल होतं. पट्ट्यावर होतं, मगावरही होतं.

"बुटावर नाई ठेवलं?" त्याने विचारलं.

गोपिका काच पुसत राहिली. काच लख्ख होती तरी पुसत राहिली.

"जित्या माणसाले फुलं वाहत नाई," ती म्हणाली. "अपशकून होते."

"झाला तर होऊ द्या ना. तुमाले काय..."

"मले काय?" तिने वर पाहिलं. "मलेच तर..."

त्याने फडकं तिच्या हातातून घेतलं आणि काचेची उरलेली बाजू तो पुसू लागला. दोघं एकाच काचेच्या दोन बाजूंनी उभे होते आणि मध्ये ते जुने बूट होते. गोपिकेला वाटलं, बास, याहून जास्त मागायचं नाही.

मागितलं तिनेच. पुढच्या खेपेला तिने विचारलं, की कैलास गेला तेव्हा तुम्ही दवाखान्यात होता, पण तुकडीतल्या लोकांनी सांगितलं असेल ना? शिखरावर शेवटी काय झालं?

धीरज बसच्या पायरीवर बसला. मग त्याने सगळं सांगितलं. शिखर नव्हतंच. कैलास रसदीचा ट्रक चालवत होता. वर बसलेल्या जवानांसाठी बटाट्याची पोती पोचवायची होती. वर जाताना तळेगाव गेलं आणि तिवश्याच्या वळणावर रस्ता खचला. खाली दरी होती.

"आनखी एक हाये," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "त्या दिवशी मी तंबूतच होतो, दवाखान्यात मंग नेलं मले. डूटी माई होती. माया पाय सुजला होता, बुटात जात नोयता. तो म्हणे, तू झोप, मी जाऊन येतो."

गोपिकेच्या मनात पहिल्यांदा राग आला नाही, दुःखही आलं नाही. तिला आठवली दाराजवळच्या बाकावरची आई आणि तिच्या पाया पडणारी पोरं. दुःख मागून आलं, आणि एकदम आलं. तिने धीरजला एकच विनवणी केली, की आईला यातलं काही सांगायचं नाही. तो म्हणाला, मी तुम्हाला मागणी घालायला येणार होतो. कैलासच्या आईच्या हातचं जेवायला बसू आणि हे पोटात ठेवू, असं कसं जमेल? तिने जमव म्हटलं. माझ्यासाठी जमव... पहिल्यांदाच ती त्याला अरे-तुरे करून बोलली. त्याने मान हलवली.

चूक पुढे गोपिकेच्याच हातून झाली. घरात त्याचं नाव काढायचं तर काहीतरी ओळख द्यायला हवी, म्हणून तिने आईला सांगितलं, कैलासचा सोबती आहे. देवकाबाईने ते मोठ्या आनंदाने मधुकररावांच्या कानावर घातलं. आणि मधुकररावांनी, कोणाला न विचारता, २६ जानेवारीच्या कार्यक्रमात त्याला सत्काराला उभं केलं.

तीन शाळांची पोरं मंडपात बसलेली. धीरजच्या गळ्यात हार, हातात नारळ. मधुकरराव माइकवर म्हणाले, हा आमच्या कैलासच्या पराक्रमाचा साक्षीदार. धीरजने हात जोडले, दोन शब्दांत आभार मानले आणि तो उतरू लागला. निभावलं, असं गोपिकेला वाटलंही. तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक सहावीतला पोरगा उभा राहिला. त्याचं नाव गजेंद्र.

"काका, तुमच्यासमोर किती मारले त्यायनं?"

धीरज त्या पोराकडे पाहत राहिला. मास्तर असता, पुढारी असता तर त्याने काहीतरी ठोकून दिलं असतं. पण पोरगा मान वर करून, तोंड उघडं ठेवून उत्तराची वाट पाहत होता.

"एकई नाई, बापू," धीरज म्हणाला. "तो बटाटे नेऊन राह्यला होता. गाडी दरीत गेली. लय चांगला ड्रायव्हर होता, पन रस्ताच खचला."

मग मागून कोणी हसलं, कोणी "काय बोलून राह्यला हा" म्हणालं. मधुकररावांचा चेहरा पांढरा पडला. ते रागावले नाहीत, पार कोसळल्यासारखे दिसत होते. त्यांनी माइक गोपिकेपुढे केला आणि विचारलं, "पोरी, तूच सांग. हा मानूस खरंच होता का आपल्या कैलाससंग?"

गोपिकेने आईकडे पाहिलं. देवकाबाई पदर तोंडात धरून, डोळे न हलवता तिच्याकडेच बघत होती. गोपिकेला दिसलं ते न जेवणारं, वाळत चाललेलं शरीर. दोन वर्षांपूर्वी तिने ते कुशीत धरून पाणी पाजलं होतं. धीरजकडे तिने पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर जमलं नसतं.

"मी नाई ओळखत याले," ती म्हणाली. "अकरा होते."

नऊचे अकरा कसे झाले, ते तिलाही कळलं नाही. टाळ्या पडल्या. आता लोक धीरजच्या अंगावर जातील असं वाटत असताना त्याने गळ्यातला हार काढला, घडी करून टेबलावर ठेवला आणि तो माइकजवळ आला.

"माफ करजा," तो शांतपणे म्हणाला. "मी दुसऱ्याच कैलासची गोष्ट सांगून राह्यलो होतो."

आणि डावा पाय ओढत तो मंडपातून निघून गेला. हायवेला लागल्यावर हॉर्न वाजला, दोनदा आखूड आणि एकदा... लांबवाला वाजलाच नाही. गोपिका पोरांना लाडू वाटत होती.

पुढच्या सोमवारी बस आली, पण ड्रायव्हर वेगळा होता. धीरजने काम सोडलं, एवढंच त्याला माहीत होतं. गोपिकेने नालवाडीच्या पत्त्यावर तीन पत्रं लिहिली आणि तीनही टाकली नाहीत. लिहायचं तरी काय होतं? माफी मागायची तर खरं बोलायला हवं, आणि खरं बोलायचं तर ते मंडपातच बोलायला हवं होतं. तिला स्थळं आली, तिने नाकारली. रोज ती अकरा शत्रू मारत राहिली. बुटांवर मात्र फूल ठेवलं नाही. कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून ती त्यांना पेटीच्या मागच्या कोपऱ्यात सरकवून ठेवायची.

पाच वर्षं गेली. डोंगरावरचा कापूस पिवळा पडला, शिखरावरचा दिवा गेला. सहलीही कमी झाल्या. वर्ध्याच्या एका ड्रायव्हरने सहज बोलता बोलता सांगितलं, की धीरजने सिंदी मेघेत घर केलं, बायको गावाकडची आहे, एक पोरगी झाली. गोपिकेने छान म्हटलं. त्या दिवशी तिने नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात गोष्ट सांगितली.

२००७ च्या डिसेंबरात एक उंचापुरा पोरगा स्मारकात आला. पाठीला पिशवी, केस बारीक कापलेले. नागपुरात सैन्याची भरती होती, तिकडे निघाला होता. तिने ओळखलं नाही तेव्हा त्यानेच सांगितलं, की तो गजेंद्र, मंडपात प्रश्न विचारणारा.

"तो खोटा ड्रायव्हर आलता ना, त्याचा मले लय राग आलता," तो म्हणाला. "तुमी अकरा म्हटलं, तवाच ठरवलं होतं. तुमच्यामुळं चाललो मी, मॅडम."

त्याने वाकून पेटीतल्या बुटांना नमस्कार केला. गोपिकेच्या ओठांवर सगळं आलं होतं, बटाट्याची पोती, तिवश्याचं वळण, सगळं. पण त्याच्या डोळ्यांत तिनेच पेटवलेली ती लकाकी होती आणि ती कशी विझवायची हे तिला माहीत नव्हतं.

"जपून जाजो," एवढंच ती म्हणाली.

पोरगा गेला. ती पेटीचं दार उघडून उभी राहिली, हातात फुलांची टोपली तशीच. देवकाबाई बाकावरून उठली. तिला आता नीट दिसत नव्हतं. भिंतीला धरत ती जवळ आली.

"बुटावर फूल नाई ठेवत तू," ती म्हणाली. "सहा वर्सं होत आले. तो ड्रायव्हर जिता हाये म्हणून ना?"

गोपिकेच्या हातातली टोपली कलली.

"कैलासले सहा नंबर लागे. दर दिवाळीले मीच घेऊन देत होती. हे नऊचे हायेत. पेटारा उघडला, त्याच दिवशी समजलं मले. कोणाचे, ते मंग इथं बाकावर बसून कानावर आलं."

"मंग... मंग त्या दिवशी काऊन नाई बोलली, आई?"

"मी तुयाकडं पाहत होती." देवकाबाईचा आवाज अगदी साधा होता. "तू रोज इतकी जीव लावून सांगे. मले वाटलं, तुले हे पाहिजे, हे गेलं तर तू जगत नाई. तू हो म्हटलं असतं तर मीई हो म्हटलं असतं. तो पोरगा खरं बोलला तवा मले बरं वाटलं होतं, गोपे. माया लेकरानं कोणाले मारलं नाई. भाजी नेता नेता गेला."

गोपिका खाली बसली. आई जेवावी म्हणून तिने धीरजला खोटं पाडलं होतं, आणि आई इथे बसत होती ती लेक जगावी म्हणून. दोघींनी एकमेकींसाठी त्या माणसाला हायवेवर घालवून दिलं होतं, आणि तो आता दुसऱ्याच कोणाच्या अंगणात पोरीला खेळवत होता. तिला मोठ्याने रडावंसं वाटलं आणि ती रडली, सहा वर्षांचं सगळं एकदम.

देवकाबाईने तिच्या हातातून टोपली घेतली. चाचपत एक फूल टोपीवर ठेवलं, एक पट्ट्यावर, एक मगावर. बुटांपाशी तिचा हात आला आणि तिथून मागे फिरला.

"सुखी राह्य बापा," ती म्हणाली.

बाहेर बस थांबल्याचा आवाज आला. वर्ध्याची शाळा होती, साठ पोरं. गोपिकेने डोळे पुसले, पेटी बंद केली आणि छडी शोधू लागली.